ताईच्या वाट्याची वाळू

सकाळचा चहा अजून कपातच होता, तेवढ्यात पक्क्यांचा फोन वाजला. ताईचा. दोन घरांत अंतर ते किती, मध्ये एक पत्र्याचा मांडव आणि एक बांध. एरवी ताई आपल्या अंगणात उभी राहून हाक मारते आणि अर्ध्या किनाऱ्याला कळतं की हिला भावाकडे काम आहे.

"धाकट्या, अंगण गेलं."

"गेलं म्हणजे? कुठं गेलं?"

"कुठं म्हणजे? तळ्यात! झोपताना होतं, आता नाही. मी दार उघडलं आणि... अरे, तू आधी ये."

अंगण म्हणजे काय मांजर आहे, झोपताना होतं आणि उठल्यावर नाही व्हायला? पक्के उठले ते एकाच पायात चप्पल घालून. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलासुद्धा आठवावं लागतं. पाण्याकाठचं दगड-सिमेंटचं काम करणारा माणूस. काम संपलं की त्यावर टाच आपटायची आणि "काम कसं? पक्कं!" म्हणायचं, ही सवय. लोकांनी तेच नाव करून टाकलं, आणि त्यांनाही ते आवडत होतं.

मांडवाला वळसा घालून ते ताईच्या बाजूला आले आणि जागच्या जागी थिजले.

अंगण खचलेलं नव्हतं, भेगाळलेलं नव्हतं, बुडालेलंही नव्हतं. ते नव्हतंच. कपडे वाळत घालायची तार एका खांबावरून लोंबत होती, दुसऱ्या खांबाचा पत्ता नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एक पायरी, पायरीपुढे मोकळी हवा, आणि खाली चहाच्या रंगाचं पाणी. त्यांच्या डोळ्यांदेखत स्वयंपाकघराच्या पायातला एक दगड सुटला आणि डुबुक करून दिसेनासा झाला.

"अगं बाई!" पक्के म्हणाले. साठीकडे झुकलेला मिशीवाला माणूस "अगं बाई" म्हणाला, आणि कुणाला हसूही आलं नाही.

खाली कमरेएवढ्या पाण्यात भावजी उभे होते. ताईचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले, आयुष्यात कधी कुणाला मोठ्यानं न बोललेले. गेलेल्या अंगणातले दगड चाचपडत शोधायचे आणि एकेक करून पायाला लावायचे, असं त्यांचं चाललं होतं. लावलेला दगड पुढची लाट काढून नेत होती. ते परत वाकत होते.

"भावजी, वर या! भिंत अंगावर येईल!"

"आलोच," भावजी म्हणाले आणि पुन्हा वाकले. शेवटी पक्क्यांनी त्यांना दंडाला धरून ओढलं. वर आल्यावर त्यांनी मेहुण्याकडे बघितलंच नाही. थरथरत उभे राहिले आणि म्हणाले, "झाडं तोडायला नको होती मी. तू म्हणत होतास."

तर ही झाडांची गोष्ट सांगायला हवी.

ताई कपडे शिवते. शाळांचे गणवेश, दवाखान्यातले अंगरखे, येईल ते. तिची मशीन तळ्याकडच्या खिडकीशी. त्या खिडकीसमोर काठावर झुडपांची दाट रांग होती आणि तिच्यामुळे खोलीत दुपारीसुद्धा अंधार. ताईचे डोळे दुखायला लागले तशी भावजींनी एका रविवारी स्वतःच्या हातांनी ती सगळी तोडून काढली. मशीनवर लख्ख उजेड पडला. ताई त्या दिवशी इतकी खूश झाली की कामाच्या मध्येच गाणं म्हणत बसली. आणि पुढच्याच वर्षापासून काठ ढासळायला लागला.

मग काय, पक्क्यांना आयतंच कोलीत मिळालं. "भावजी, मुळं माती धरतात हो! पोरालासुद्धा कळतं. पत्रं वाटणं वेगळं आणि किनारा राखणं वेगळं." भेटले की हेच, जेवताना हेच, चार लोकांत हेच. मनात खोट नव्हती, बरं का. काळजीच होती. पण काळजीलाही तोंड असतं आणि पक्क्यांच्या काळजीचं तोंड फार मोठं. भावजी ऐकून घ्यायचे. हळूहळू त्यांनी त्या खिडकीशी बसणं सोडलं, मग पक्क्यांकडे येणं सोडलं.

पक्के बोलूनच थांबत होते असंही नाही. दर उन्हाळ्याच्या आधी ते आपल्या बाजूची वाळू गाड्या भरभरून ताईच्या काठावर टाकत. फुकट! "भाऊ आहे तोवर काळजी करायची नाही," असं म्हणत. ताई हात जोडायची, खाऊ घालायची, डोळ्यांत पाणी आणायची. पक्क्यांना त्या दिवशी घरी जाताना चार बोटं उंच झाल्यासारखं वाटे. वाळूची त्यांना काय कमी? त्यांच्या बाजूला किनारा नुसता वाढत होता. बायकोनं चहाच्या दुकानाची टेबलं आधी दारात मांडली होती, मग पायरीखाली, मग पार जिथं पूर्वी होड्या लागायच्या तिथं. वर पत्र्याचा मांडवही झाला.

आणि हे सगळं कशामुळे? बांधामुळे. दोघा भावंडांच्या वाटण्यांच्या मध्ये, काठापासून सरळ पाण्यात घुसलेला तो बांध पक्क्यांनी स्वतः बांधला होता. पूर्वी तिथं अण्णांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, नुसत्या रचलेल्या दगडांचा बांध होता. लाटा दरवर्षी तो पाडत आणि अण्णा दरवर्षी रचत. लोक हसायचे. अण्णा गेले आणि पक्क्यांनी ठरवलं, एकदाच बांधायचं, कायमचं बांधायचं. खाली दगड, वर काँक्रीट, आत लोखंडी गज. त्यांच्या हातचं सगळ्यात चांगलं काम. बांध असलेली बाजू वाढतेय आणि बांध नसलेली खचतेय, यापेक्षा कामाला आणखी कुठली पावती हवी होती?

मध्यंतरी बरीच वर्षं तळ्याचं पाणी खाली होतं, तेव्हा हे कुणाच्या फारसं नजरेत आलं नाही. म्हणायचं तळं, पण पलीकडचा किनारा दिसत नाही असं हे प्रकरण. घरातल्या म्हाताऱ्यासारखं वर्षानुवर्षं कोपऱ्यात गप्प पडून राहतं, आणि एक दिवस उठून सगळ्या घराची झाडाझडती घेतं. गेल्या तीन-चार वर्षांपासून पाणी चढत होतं. आज ते ताईच्या स्वयंपाकघराशी आलं होतं.

"रडू नको," पक्के म्हणाले, जरी ताई रडत नव्हती. ती नुसती पायरीकडे बघत उभी होती, हातात दुधाचं पातेलं तसंच. "मी बांध घालतो तुला. माझ्यासारखाच. आजच माप घेतो. पण आधी सामान हलवू. मशीन काढ."

गल्ली काठाकाठानंच यायची, तीही तुटली होती. घरामागे दलदल. म्हणजे गाडी येणार नाही. पक्क्यांनी दगड वाहायची आपली सपाट होडी आणली. मशीन, तिचं टेबल, कापडाचे गठ्ठे, भांडी, लग्नातलं कपाट, जे जे निघालं ते त्यात चढवलं. पक्क्यांचं घर सिमेंटच्या गोण्यांनी आणि दुकानाच्या सामानानं भरलेलं, त्यामुळे ठेवायला जागा एकच होती, खालच्या अंगाला नावाड्याची शेड. भावजी म्हणाले, मी इथंच थांबतो, दगड लावतो. ताई त्यांच्यापाशी थांबली. पक्के एकटेच निघाले.

नावाड्याचं घर ताईच्या नंतरचं. तो शेडच्या दारात दात घासत उभा होता. होडीतलं सामान बघून त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"घर गेलं?"

"अंगण गेलं. घर नाही जाऊ देणार मी."

"अरे देवा!" त्यानं चूळ भरली आणि मुकाट्यानं मशीन उचलायला हात लावला. कपाट आत ठेवून दम खाताना मात्र म्हणाला, "पक्के, ताईंचा झाला की माझ्यापुढे पण घाला एक बांध. कुंपणाचा खांब कललाय माझा. आणि एक सांगा, तुमच्या बाजूला कुणाचं न्हाणीघर बुडालं का हो?"

"न्हाणीघर?"

"रोज निळ्या फरशीचे तुकडे येतायत काठाला. हे काय, बघा ना. बायको म्हणते, गोळा करून आपलंच न्हाणीघर करू."

पक्क्यांनी खाली बघितलं. लाट मागे सरकली की ओल्या वाळूत निळं काहीतरी चमकत होतं. त्यांनी एक तुकडा उचलला. निळ्यावर पांढरं फूल, फुलाची एक पाकळी वाकडी. ही फरशी त्यांना झोपेतसुद्धा ओळखता आली असती. बायकोनं हट्टानं आणली होती, त्यांना पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती, आणि या वर्षी ती उखडून तिचे तुकडे त्यांनीच वाळूच्या गाडीत टाकले होते. भर म्हणून. ताईच्या काठावर टाकायच्या वाळूत.

म्हणजे ताईला दिलेली वाळू इथं आली होती.

त्यांनी काठाकडे पाहिलं. निळे तुकडे ताईच्या घराकडून निघून ओळीनं खाली खाली गेले होते, नावाड्याच्या घरावरून पुढे, थेट लव्हाळ्यांपर्यंत. वारा वरच्या अंगानं येत होता, बहुतेक दिवस येतो तसाच, आणि प्रत्येक लाट तिरकी येऊन वाळूला एक पाऊल खाली सरकवत होती. वाळू बसलेली नसते. वाळू चाललेली असते. आयुष्य पाण्याकाठी काढलं आणि हे त्यांनी आज बघितलं.

चाललेली असते, तर मग ताईकडची गेली तशी वरून नवी यायला हवी. दरवर्षी यायला हवी. अण्णांच्या वेळी येत होतीच की, नाहीतर ताईचं अंगण इतकी वर्षं उभं कसं राहिलं? मग आता वरची वाळू कुठं अडली?

"पक्के? ओ पक्के! काय झालं? पाणी देऊ?"

पक्क्यांनी तुकडा खिशात टाकला. होडी ढकलली, तिचं इंजिन चालू केलं आणि काठ सोडून आत पाण्यात गेले. जिथून दोन्ही बाजू एकदम दिसतील इतक्या आत. आपला बांध पाण्यातून असा समोरून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. कायम त्याच्यावर उभं राहून पाहिला होता.

वरच्या बाजूला वाळू बांधाच्या माथ्याला टेकली होती, शिगोशीग भरलेल्या मापासारखी. तिच्यावर बायकोची टेबलं, रंगीत खुर्च्या. खालच्या बाजूला बांधाचं काळं अंग पार मुळापर्यंत उघडं, आणि त्याच्या बुडाशी खोल हिरवं पाणी. दोन्हींच्या मध्ये हातभर जाडीचं काँक्रीट. पक्कं.

पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते त्यांना त्या क्षणी होडीत बसल्याबसल्या कळलं. ही सगळी वाळू ताईची. मी अडवली. आणि हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तसं तिचीच वाळू गाडीत भरून तिला दान केली, वर तिच्या हातचं पोटभर जेवून आलो! अण्णांचा बांध पडायचा, त्या फटीतून वाळू पुढे जायची. अण्णांना त्यातलं काही कळत होतं असं नाही. त्यांना सिमेंट परवडत नव्हतं, एवढंच.

आणि आज काय करणार होतो? ताईपुढे बांध. मग नावाड्याचं घर गेलं असतं. मग नावाड्यापुढे बांध.

त्यांनी होडी ताईच्या दाराशी आणली तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. ताई आणि भावजी बाहेर, घराच्या मागच्या कोपऱ्याशी उभे होते.

"टेप आणलास का?" ताईनं विचारलं. "माप घ्यायचं होतं ना?"

"ताई, बांध घालायचा नाही."

"म्हणजे?"

आयुष्यभर ज्या जिभेला कधी लगाम नव्हता ती टाळ्याला चिकटून बसली. पक्क्यांनी खिशातला निळा तुकडा काढला, हातात धरला आणि सांगायला लागले. वाळू कुठून येते, कुठं जाते, कशानं अडली. आधी अडखळत, मग एका दमात. ताई ऐकत होती. तिचा चेहरा आधी काही कळत नसल्यासारखा होता, मग कळल्यावर तो असा पांढरा पडला की पक्क्यांनी बोलणं थांबवलं.

"तुझ्या बांधामुळे," ती म्हणाली.

"हो."

"आपल्या घरातल्या बांधामुळे."

"हो ताई."

भावजी मध्येच पुढे आले. त्यांच्या ओल्या कपड्यांतून अजून पाणी गळत होतं. त्यांनी तो तुकडा पक्क्यांच्या हातातून घेतला, उलटापालटा करून बघितला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे झाडांमुळे नव्हतं?"

"नाही, भावजी."

"झाडं तोडली त्यामुळे नाही?"

"झाडं असती तरी गेली असती. मुळांसकट गेली असती."

भावजी तिथंच मातीत बसले. गुडघ्यांवर कपाळ टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात ताईनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तिचा स्वतःवरचा ताबा सुटला तो तेव्हा.

"तीन वर्षं!" ती ओरडली, आणि आज खरंच अर्ध्या किनाऱ्याला ऐकू गेलं. "तीन वर्षं या माणसाला तू टोचून टोचून खाल्लंस! माझ्या उजेडासाठी झाडं तोडली त्यानं, आणि त्याच खिडकीशी बसायची त्याला चोरी! रात्र रात्र जागा असायचा. मीसुद्धा... अरे, मीसुद्धा मनात म्हणायची, कशाला तोडली. माझ्याच नवऱ्याला!" आणि तिनं हातातलं दुधाचं पातेलं, जे सकाळपासून तिच्या हातातच होतं, भावाच्या पायाशी आपटलं.

पक्के वळले आणि घराकडे चालायला लागले. घण आणि पहार घेऊन बाहेर आले तेव्हा बायको चहाचं भांडं हातात घेऊन मांडवात उभी होती. तिनं ताईचं ओरडणं सगळं ऐकलं होतं.

"अहो, आणि दुकान?"

"जाईल."

तिनं त्यांच्याकडे बघितलं, ताईच्या भिंतीवरच्या चिरेकडे बघितलं. मग शेगडी बंद केली आणि एकेक खुर्ची उचलून मागे ठेवायला लागली.

पक्क्यांनी बांधाच्या मध्यावर उभं राहून पहिला घण घातला. खण्णकन आवाज आला, हात खांद्यापर्यंत झिणझिणले. काँक्रीटवर एक पांढरा ठिपका उमटला, बस. दुसरा घातला. तिसरा. चांगलं काम वाईट माणसासारखं असतं, सहजासहजी जात नाही. किती वेळ गेला कोण जाणे, पण शेवटी बशीएवढी एक कपची उडाली आणि आतला गज दिसला. जाड, एकमेकांत गुंफलेला, गंजाचा एक डाग नाही. पक्के त्याच्याकडे बघतच राहिले. हा गज त्यांनी स्वतः निवडून आणला होता.

शेजारी कुणीतरी पहार उचलली. भावजी होते. डोळे लाल, पण सरळ उभे.

"भावजी, तुम्ही नका. तुम्ही दमलाय."

"बाजूला हो," भावजी म्हणाले आणि पहार त्या खळग्यात घालून सगळ्या अंगाचा भार दिला. काही हललं नाही. त्यांनी पुन्हा भार दिला. मग धापा टाकत, कसलाही टोमणा नसलेल्या आवाजात म्हणाले, "बांधलायस मात्र भक्कम."

या वाक्यासाठी पक्के एरवी दिवसभर छाती फुगवून फिरले असते. आता ते ऐकून त्यांना उभं राहवेना.

तेवढ्यात मागे आवाज झाला. फार मोठा नाही. भांड्यांचं फडताळ कलंडावं तसा, आणि मग पाण्याचा. दोघांनी वळून बघितलं. स्वयंपाकघर नव्हतं. मशीनच्या खोलीची आतली भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर, खुंटीला अडकवलेली कात्री, सगळं उघड्यावर दिसत होतं, आणि पलीकडच्या खिडकीतून आलेला उजेड त्या रिकाम्या खोलीतून आरपार तळ्यावर पडला होता.

पक्क्यांच्या हातातून घण सुटला. आता काय उपयोग? आज बांध फोडला तरी वाळू उद्या येणार नव्हती. ती तिच्या चालीनं येणार, लाटेलाटेनं, काही वर्षांनी. तोवर खोलीही जाणार, घरही जाणार. त्यांना हे आता सगळं कळत होतं, आणि कळून काही होत नव्हतं. ते बांधावर मटकन बसले.

ताई बांधावरून चालत आली. तिनं मागे एकदाही वळून बघितलं नाही. भावासमोर उभी राहिली.

"थांबलास का?"

"ताई, गेलं गं सगळं."

"माझं गेलं," ती म्हणाली. तिनं खालच्या अंगाला बोट केलं. तिकडे नावाडी आणि त्याची बायको कुंपणाच्या कललेल्या खांबाला टेकू लावत होती, आणि दोघंही इकडे बघत होती. "त्यांचं अजून उभं आहे. ऊठ."

पक्क्यांनी डोळे पुसले आणि घण उचलला.